घोडा आमच्याच घराण्याचा

बसा, चहा टाकलाय. तो उकळेपर्यंत माझी फजिती ऐकायचीय म्हणता ना, ऐका. पण आधी एक कबूल करा. शेवटी कुणी "गणपतराव, चुकलंच तुमचं" असं म्हणायचं नाही. साऱ्या पंचक्रोशीचं ते म्हणून झालंय. माझ्या बायकोच्या माहेरी तर ही गोष्ट माझ्या स्थळाच्या आधी पोहोचली होती. तरी तिनं लग्न केलंच ना? त्यावरून काय ते समजा.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. पोलीस ॲक्शनला अजून सात-आठ वर्षं अवकाश होता. आमचं गाव जवळा बाजारच्या अंगाला, वसमतपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी तेव्हा नुकती विशी ओलांडलेला, परभणीला उर्दूतून मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि मॅट्रिकला आपटलेला. म्हणजे गावाच्या हिशेबानं विद्वान.

घरात शब्द चालायचा तो आबांचा, माझ्या वडिलांचा. जमीन होती, बैल होते, भाकरीला ददात नव्हती, पण आबांना जन्मभर एकच काटा सलत होता. पोळ्याचा मान! तुम्ही शहरातली माणसं, म्हणून फोडून सांगतो. पोळ्याला गावातले सगळे बैल सजवून वेशीपाशी आणतात. वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. त्याखालून पहिला बैल ज्याचा जातो, तो गावाचा मानकरी. त्याच्यामागून बाकीच्यांचे. तोरण तुटलं की पोळा फुटला, मग ज्यानं त्यानं आपापले बैल घेऊन घरी जायचं.

हा मान होता माणिकदादाच्या घरी. माणिकदादा माझा चुलत भाऊ, वयानं बराच थोर, बोलायला गूळ आणि आत कात्री. आबा म्हणायचे, मान मुळात आपला. आजोबा वारले तेव्हा आबा पाळण्यात. बैल धरायला घरात गडीमाणूस नाही, म्हणून एका वर्षापुरता मान भावकीकडं गेला. ते एक वर्ष अजून संपलेलं नव्हतं. दरसाल आबांचा लाडका बैल हौशा माणिकदादाच्या बैलाची शेपटी बघत तोरणाखालून जायचा.

त्या साली हौशा उतरणीला लागला होता, आणि खरं सांगायचं तर आबाही. एकदा गोठ्यात त्याच्या पाठीवरनं हात फिरवता फिरवता मला म्हणाले, "गणपत, हौशा हाय तवर येक डाव त्याला म्होरं गेलेला बघू दे. मंग माजं काई म्हननं न्हाई." म्हाताऱ्यानं मला जन्मात दुसरं काही मागितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, मान आणतोच, मग काय वाटेल ते होवो.

पण आणायचा कसा? भांडून झालं होतं, डोकी फोडून झाली होती. उरला इतिहास.

आमच्या बांधाला चिंचेखाली कमरेइतका एक उभा दगड होता. गाव त्याला घोडेबाबा म्हणायचं. शेंदराचा थर असा जाड, की खालचा दगड कुणाच्या बापजाद्यानं पाहिलेला नव्हता. पण त्या शेंदरात घोडा स्पष्ट दिसायचा. कान, नाक, शेपूट, वर बसलेला स्वार. हा आमचा मूळपुरुष, लढाईत पडला, त्याच्या रक्तावर आम्हाला पाटीलकी मिळाली, असं घरात चालत आलेलं. दर पोळ्याला तेलात कालवून शेंदूर लावायचा तो आमच्याच घरानं. आता तुम्हीच सांगा, वीर आमचा तर मान कुणाचा?

माणिकदादा म्हणायचा, भावकी एक तर पूर्वजही एक, तुझ्या एकट्याचा कसा? त्यावर माझ्याकडं बिनतोड उत्तर होतं. दगडात घोडा आहे, आणि गावात घोडा फक्त आमच्याच घरी होता. आजोबांचं तट्टू. ते चावायचं आणि चालायचं नाही, पण होता तर घोडाच ना? म्हणजे वंश सरळ आमच्याकडं आला. हे मी चावडीवर कितीदा तरी सांगितलं. पण गावाला आपल्या गावच्या विद्वानाची किंमत कधी असते का?

अशात चैत्रात वसमतला इतिहास परिषद भरणार असल्याची खबर आली. तीन दिवस, वक्ते, अध्यक्ष थेट पुण्याचे. छापील पत्रकात लिहिलं होतं, अभ्यासक, शिक्षक आणि इतिहासप्रेमी यांनी अगत्य यावे. अभ्यासक मी नव्हतो. शिक्षक म्हणून मला कुणी ठेवलं नसतं. राहता राहिला इतिहासप्रेमी, आणि तो व्हायला परीक्षा लागत नाही. मी फेटा बांधला आणि निघालो.

त्या काळी चार माणसं एकत्र बसवायची तर सरकारची परवानगी लागायची. परिषदेला ती मिळाली होती, पण अशी की आजच्या काळाबद्दल अवाक्षर निघता कामा नये. बोलायचं ते पार जुन्या, मेलेल्या माणसांबद्दल. त्यावर नजर ठेवायला पोलिसांचे अमीनसाहेब पहिल्या रांगेत खुर्ची टाकून, हातात पंखा घेऊन बसले होते. बिचाऱ्यांना मराठी अर्धं कळायचं, आणि यादव-चालुक्य सुरू झाले की तेही अर्धं डुलकीत जायचं.

अध्यक्ष प्राध्यापक होते. काळी टोपी, उपरणं, नाकावर चष्मा आणि चष्म्याच्या वर नाक. ते म्हणाले, "या भागात इतिहास घडला नसेल, असे मी म्हणणार नाही. परंतु पुरावा नाही. आणि जेथे पुरावा नाही तेथे इतिहास नाही."

अमीनसाहेबांनी समाधानानं मान हलवली. सभागृहात सगळे शिकलेले लोक, तेही गप्प. मला ते काही सोसवलं नाही. आमच्यावर उर्दू लादली ते सोसलं, पट्टी लावली ते सोसलं, आता पुण्याहून येऊन आमचे पूर्वजही काढून घेता? मी उभा राहिलो.

"आमच्याकडं इतिहास न्हाई म्हंता? आमच्या बांधाला हुबा हाय. घोड्यावर बसून."

लोक हसले. प्राध्यापकांनी विचारलं, कुणा अभ्यासकानं तो पाहिला आहे का? मी म्हटलं, मी रोज पाहतो. त्यांनी विचारलं, आपण अभ्यासक का? मी म्हटलं, इतिहासप्रेमी. पुन्हा हशा झाला, आणि आता त्यात अमीनसाहेबही होते. प्राध्यापक मंद हसून म्हणाले, "मग प्रेम घरी ठेवा, आणि पुरावा आणा."

"आनतो," म्हटलं आणि तडक बाहेर पडलो. मागून परिषदेचे चिटणीस हाका मारत होते. वसमतचेच एक सज्जन वकील. पण तापलेला माणूस मागं वळून बघतो का? मी सरळ गाव गाठलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर सगळा गाव जमला. मी म्हटलं, पुण्याच्या विद्वानांनी घोडेबाबाला वसमतला बोलावलंय. ते जे सांगतील ते मान्य करायचं, आणि कायमचा निकाल लावायचा. मला वाटलं होतं माणिकदादा आडवा येईल. तो म्हणाला, "घिऊन जाऊ की. देव हवापालट करून यील." पुरावा नाही असं ठरलं की मान त्याच्याकडंच राहणार, हा त्याचा हिशेब; तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता, पण मी रंगात आलो होतो.

बेलभंडार उचलायचं ठरलं. हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन जे बोलाल ते आमच्याकडं कोर्टाच्या वर. फिरवता येत नाही. शब्द कुणी घालायचे? शिकलेला मी. मी छाती फुगवून म्हटलं, "दगडातला वीर ज्याचा, पोळ्याचा पयला मान त्याचा." साधं "गणपतचा का माणिकचा" एवढंच म्हणायला काय झालं होतं? पण नाही. विद्वान माणूस व्यापक बोलतो. आबांनी बेलभंडार उचलला, माणिकदादानं उचलला, शपथ झाली.

तिसऱ्या दिवशी पहाटे पूजा करून दगड गाडीवर चढवला. आता तुम्ही म्हणाल, गाडीत मी, आबा आणि घोडेबाबा. छे! देव गाव सोडून चालला आणि गाव घरी बसेल होय? बाया नैवेद्य घेऊन निघाल्या. हलगीवाला निघाला. गाड्यांवर गाड्या निघाल्या. ठकूबाई निघाली. ठकूबाईचं म्हणजे गावातलं मेंढरांचं एकुलतं एक घर. धनगराची बाई, नवरा गेलेला, दोन मुलगे कळपामागं आणि जमिनीचा एक तुकडा. दरसाल कळप चरणीला बाहेर निघायच्या आधी ती घोडेबाबापुढं दुधाची धार सोडायची. आम्हाला वाटायचं, आमच्या पूर्वजाचा दरारा.

चैत्राचं ऊन. शेंदूर हाताला चटका देईल असा तापलेला. देवाला उन्हाची तकलीफ नको म्हणून बाया प्रत्येक विहिरीवर थांबून गार पाण्याच्या घागरी त्याच्या डोक्यावर ओतत होत्या. तापवायचं आणि गार पाणी ओतायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा ओतायचं, वर गाडीचे दणके. याचा परिणाम काय होतो ते कुठलाही कुंभार सांगेल. आमच्यात कुंभार होताही. पण त्याला कोण विचारतो?

परिषदेच्या दारात हलगी कडकडली तशी अमीनसाहेबांची डुलकी उडाली. धावत बाहेर आले. "ये क्या जुलूस है?"

मी म्हटलं, "जुलूस न्हाई साहेब. इतिहासप्रेमी हायत."

"और ये हलगी?"

"तोबी इतिहासप्रेमीच. खुशीनं वाजवून राहिला."

त्यांनी गाडीतल्या दगडाकडं बोट केलं आणि विचारलं, हा कोण? मी म्हटलं, आमचा पूर्वज. जिवंत आहे का मेलेला? मेलेला. नक्की? नक्की, फार जुना मेलेला. परवानगी मेलेल्यांचीच होती. साहेबांनी हलगी बंद करवली आणि आत सोडलं.

आठ जणांनी दगड व्यासपीठावर नेऊन ठेवला. प्राध्यापकांचं भाषण तोंडातल्या तोंडात राहिलं. चिटणीस माझ्या कानाशी लागून कळवळून म्हणाले, "अहो, त्यांना ठसा हवा होता. दगडावर कागद दाबून घेतलेला ठसा. तेच सांगायला मी परवा हाका मारत होतो!" आता हे परवा मला गाठून सांगता आलं नसतं का? नुसत्या हाकांनी काय होतं?

पण मागं हटणारा मी नाही. बोलायला उभा राहिलो. समोर आबा मांडी घालून बसलेले, डोळे दगडावर. त्यांच्याकडं बघून मला असा जोर चढला की विचारू नका. मी म्हटलं, बघा हा घोडा. हे कान बघा. ही शेपूट बघा, अशी झुपकेदार शेपूट अरबी घोड्यालाच असते.

एवढं बोललो आणि मला आठवलं, शेपूट मीच केली होती. लहानपणी एका पोळ्याला शेंदूर लावताना बोटानं ओढून. बरी जमली होती. कान आबांनी केले होते, आणि नाकाला आजोबांचा हात लागला होता असं आत्या सांगायची. आमचं घराणंच हौशी. पण आठवण वेगळी आणि इतिहास वेगळा, असं मनाला समजावून मी पुढं बोलत राहिलो. शेवटी माझं ठेवणीतलं काढलं, "दगडात घोडा हाय, आन् गावात घोडा फकस्त आमच्या घरी व्हता. एवढा पुरावा पुरं झाला." गावानं माना डोलावल्या. माणिकदादानंही डोलावली, जरा जास्तच.

प्राध्यापकांनी विचारलं, हा शेंदूर थोडा खरवडता येईल का? त्यावर असा गलका झाला की अमीनसाहेब उभे राहिले. आबांनी हात वर केला. म्हणाले, देवाच्या अंगावरची शेंदराची खोळ माणसानं काढायची नसते. देवाला वाटलं तर देव आपली आपण टाकतो. आमच्याकडं तशी रीतच आहे. प्राध्यापकांनी खांदे उडवले आणि पुटपुटले, म्हणजे पुरावा नाहीच.

पुन्हा तेच! माझा तोल गेला. "ह्यो काय मंग?" म्हणून मी घोड्याच्या मानेवर सपकन थाप मारली.

आधी बारीक तडा गेला. मग घोड्याचं डोकं माझ्या हातात आलं. मग स्वार गेला, छाती गेली, शेपूट गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर खपल्याखपल्यांनी धाडधाड खाली आला. देवानं खोळ टाकली होती.

धूळ बसली तसा आत काळाभोर दगड दिसू लागला. त्यात एक माणूस पायावर उभा. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. समोर झेप घेणारा वाघ. पायाशी कुत्रं. आणि मागं रांगेनं मेंढरं. एक, दोन, किती तरी. घोडा कुठंच नाही. घोड्याचं डोकं तेवढं माझ्या हातात.

प्राध्यापक मात्र टोपी पडल्याचं भान न राहता दगडापुढं गुडघ्यावर बसले. चष्मा पुसून म्हणाले, "वीरगळ आहे हो, वीरगळ! मेंढरे वाचवताना वाघाशी लढून पडलेला वीर. वर पाहा, सूर्य-चंद्र. राजाचा नाही, सरदाराचा नाही, मेंढपाळाचा वीरगळ! मी आजवर असा पाहिला नाही."

अमीनसाहेब पुढं येऊन दगडाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत म्हणाले, "अभी तो घोडा था. किधर गया?" त्यांना वर अहवाल पाठवायचा होता, त्यांचंही खरंच होतं.

मी अजून तोंड उघडतोय तोवर माणिकदादा उठला. आवाजात साखर घोळून म्हणाला, "दगडात मेंढरं हायत, आन् गावात मेंढरं फकस्त ठकूबाईच्या घरी. एवढा पुरावा पुरं झाला. न्हाई का गणपत?"

प्राध्यापकांनी लगेच सांगितलं की असा सरळ वंश काढता येत नाही, शास्त्राला ते मान्य नाही. मी म्हटलं, बघा, अध्यक्ष काय म्हणतात बघा! माणिकदादा म्हणाला, "तुज्या घोड्याच्या वक्ताला चाललं, आता काहून न्हाई?" आहे उत्तर? तुमच्याकडं असलं तर सांगा. मी इतकी वर्षं शोधतोय.

माझं सोडा. मी आबांकडं बघितलं. म्हातारा खाली पडलेल्या शेंदराकडं बघत होता. त्या खपल्यांत त्याच्या बापाचा हात होता. मला वाटलं आता हा माणूस उठायचा नाही. पण आबा उठले, हात जोडले आणि म्हणाले, "शबुद दिला हाय. बेलभंडार उचलला हाय. ठकूबाई, मान तुजा."

मला रडू आलं. येणारच. ज्याच्यासाठी केलं त्याच्याच हातून मान सोडवला.

ठकूबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं आली, दगडाला हात लावला. तिला ना आनंद ना अचंबा. म्हणाली, "आमच्या आज्याला तुमी लई वर्सं घोड्यावर बशिवलं, पाटील. उतरला, बरं झालं." मग म्हणाली, "पन माज्याकडं बैल न्हाईत. एडका हाय, चालंल का?"

मेंढ्याला पोळ्याचा मान? गावानं एकमेकांकडं बघितलं. शपथेत बैल असा शब्दच नव्हता. शपथ कुणी घातली होती? मी.

समारोपाला प्राध्यापक म्हणाले की या भागात पुरावा नाही हे माझे विधान मी मागे घेतो, येथे पुरावा आहे, शेंदराखाली आहे. टाळ्या पडल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, पण मला सांगा, पुण्याच्या माणसाला शब्द मागं घ्यायला कुणी लावलं? अमीनसाहेबांनी? घोड्याचं डोकं मी फेट्यात बांधून घरी आणलं. लोक हसले. हसू देत. दगड असेल ठकूबाईचा, पण घोडा? घोडा शंभर टक्के आमच्याच घराण्याचा. कान आबांचे, शेपूट माझी. हे कुठल्या परिषदेला खोडून काढता येणार आहे?

मग पोळा आला.

वसमतला माझी जिरवायला गेला आणि मान स्वतःचाच गेला, त्याचं माणिकदादाला दुःख होतंच. त्यानं नवी आडकाठी काढली. मानकऱ्याच्या जनावराचं शिंग तोरणाला लागलंच पाहिजे, नाहीतर मान लागू नाही. एडका तो एडका, त्याची शिंगं तोरणाला कशी पोहोचणार? सगळे गप्प बसले. मी कसा गप्प बसेन? मी म्हटलं, तोरण खाली घ्या. एडक्याच्या उंचीला बांधा. माणिकदादाची जिरवल्याचं मला असं समाधान झालं की मी स्वतः दोर सैल केला.

ठकूबाईचा एडका शिंगाला तांबडा हिंगूळ लावून, गळ्यात घुंगरं बांधून आला. थाटात तोरणाखालून गेला. वाजंत्री वाजली. आणि तेवढ्यात माणिकदादा आपला बैल हळूच त्याच्यामागं दामटायला लागला. पहिला नाही तर दुसरा तरी! आबा हौशाचा कासरा धरून उभे, झूल घातलेली, बाशिंग बांधलेलं. आता पुन्हा त्यांनी त्याच शेपटीकडं बघत जायचं?

मी आडवा झालो. "थांब. मानकऱ्याच्या दावणीचं सारं जनावर आधी जातंय, मंग दुसऱ्याचं. रीत हाय का न्हाई?"

रीत होतीच. माणिकदादानं वर्षानुवर्षं ती स्वतः भोगली होती. गावानं "बराबर" म्हटलं. ठकूबाई म्हणाली, राहू द्या पाटील, जनावर लई हाय. मी म्हटलं, न्हाई, रीत म्हणजे रीत, आणा सगळी.

तिच्या मुलांनी कळप वळवला. मेंढरं बिचारी खाली मान घालून एकामागं एक गेली. पण तिच्याकडं बकऱ्याही होत्या, हे माझ्या ध्यानातून गेलं होतं. बकऱ्यांनी मान वर केली. समोर, बरोबर तोंडाशी, आंब्याची हिरवीगार ताजी पानं.

काय सांगायचं पुढं? डोळ्याचं पातं लवतंय तोवर तोरण संपलं. नुसता दोर लोंबत राहिला, आणि त्याचंही एक टोक एका करडाच्या तोंडात. कुणीतरी सवयीनं ओरडलं, "पोळा फुटला!" झालं. माणसं आपापले बैल घेऊन घराकडं वळली. तोरणाखालून त्या वर्षी गावातला एकही बैल गेला नाही.

माझी मान वर होईना. आबांकडं बघायची छाती नव्हती. म्हाताऱ्याची एक इच्छा, आणि मी तिचा असा पालापाचोळा करून बकऱ्यांना खाऊ घातला होता. आबा हौशाला घेऊन माझ्याशेजारी आले. त्यांनी त्या दोराकडं बघितलं.

मग म्हणाले, "माणिकचा बैल गेला का रं म्होरं?"

"न्हाई."

"मंग आपुन हरलो कुठं?"

आणि म्हातारा हसला. पोट धरून हसला. त्यांनी हौशाला त्या रिकाम्या दोराखालून ताठ मानेनं नेलं, जसा काही गावचा पहिला बैल. माणिकदादा तोंड वाकडं करून बघत राहिला. आबा पुढं जितके दिवस जगले, तितके दिवस तो पोळा आपणच जिंकला असं सांगत होते, आणि मीही तेच सांगतो.

मान अजून ठकूबाईच्याच घरी आहे. आता तिचे नातू एडका धरतात. आणि गणपतरावाला काहीच मिळालं नाही असं समजू नका. त्याच संध्याकाळी गावानं चावडीवर बसून, एकमतानं, मलाही एक मान दिला. पोळ्याला काठी घेऊन तोरणापाशी उभं राहायचं आणि बकऱ्या हाकलायच्या. वंशपरंपरेनं आहे. हा मान मागायला आजवर भावकीतलं कुणी आलेलं नाही, आणि आलं तरी मी सोडणार नाही.